सरळ राहिलेला शाफ्ट

४ जानेवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेहुणीने माझ्यासमोर कागद ठेवला आहे आणि ती दारात उभी आहे, त्यामुळे लिहिण्यावाचून सुटका नाही. परवा फोनवर आपले आवाज इतके चढले की शेजारचे विचारायला आले, कोणी गेलं का. तेव्हा दोघी बहिणींनी परस्पर ठरवून टाकलं की यापुढे दोन्ही साडूंनी बोलायचं नाही, लिहायचं. लिहिताना माणूस निदान मध्ये श्वास घेतो, असं तिचं म्हणणं.

तर श्वास घेऊन सांगतो. पेपर मिलच्या मोठ्या रोलचा शाफ्ट, जो आजवर तुम्ही वेल्डिंगने भरून देत आलात, तो या वेळी आमच्या कारखान्यात आला आहे. मी मागितला नाही. मिलच्या साहेबांनी आमचं नवं लेझर यंत्र पाहिलं आणि पाठवून दिला. तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून फोन केला होता. पण मी ‘लेझर’ म्हटलं आणि तुम्ही ‘हो, हो, ऐकलंय’ म्हणालात, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यंत्र कसं चालतं ते त्या दिवशी सांगायचं राहिलं. किरण शाफ्टवर मसुराच्या दाण्याएवढ्या जागेत पडतो. तेवढंच लोखंड वितळतं. त्याच क्षणी नळीतून धातूची पावडर त्या जागेवर फुंकली जाते आणि वितळून एकजीव होते. शाफ्ट गोल फिरत राहतो, किरण पुढे सरकत राहतो, आणि झिजलेल्या जागेवर नवी कातडी चढत जाते. बाकीचा शाफ्ट कोमटसुद्धा होत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे तो वाकत नाही.

सोबत एक छोटी पिन पाठवतो आहे. तिच्यावरचा थर आमच्याकडचा आहे. नमुना म्हणून ठेवा.

एक विचारायचं होतं. तुम्ही त्या शाफ्टवर वेल्डिंगचा कोणता रॉड वापरलाय, आणि तुमचा थर किती खोल आहे?

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

*

१५ जानेवारी

प्रिय धाकटे साडूभाऊ,

आशीर्वाद.

पत्र आणि पिन मिळाली. पिनवर मी कानस चालवली. राग मानू नका, लोखंड हातात आलं की माझी कानस आपोआप निघते. ती घसरली. नवी काढली, तीही घसरली. मग पिन खिडकीत ठेवून दिली. संध्याकाळी सासरेबुवा आले, त्यांनी ती उचलून चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, “वा! कोणाचं काम?” मी म्हटलं, “यंत्राचं.” ते म्हणाले, “यंत्र कोणाचं?” शेवटी मला तुमचं नाव घ्यावं लागलं. चहा होईपर्यंत ते पिन हातातच फिरवत बसले. माझ्याकडे ते बारा महिने येतात, माझं एकही काम त्यांनी असं चष्म्याजवळ नेलेलं मला आठवत नाही.

आमची शाळा एका खोलीची. चार वर्ग चार कोपऱ्यांत आणि गुरुजी मध्ये. लेझर वगैरे आम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही. पण तुम्ही इतकं सोपं करून लिहिलंत की मलाही कळलं. आभारी आहे.

फक्त एक वाक्य गिळता आलं नाही. ‘त्यामुळे तो वाकत नाही.’ हे तुम्ही चांगली बातमी दिल्यासारखं लिहिलंय. शाफ्ट भरणं पुष्कळांना येतं हो. भरताना तो तापतो आणि केसभर वाकतो, तो पुन्हा सरळ करणं हे माझं काम. वाक मोजायचा डायल लावायचा, शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा, सुई कुठे उचलते ते बघायचं. तिथे गॅसने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा आणि ओलं फडकं दाबायचं. लोखंड आक्रसतं आणि शाफ्ट आपल्या जागी येतो. ठिपका कुठे द्यायचा आणि कुठे थांबायचं हे मला कोणी शिकवलं नाही, मलाही कोणाला शिकवता आलं नाही. लोक माझं दार शोधत येतात ते एवढ्यासाठी. आता वाकतच नाही म्हटल्यावर मी ते फडकं वाळत घालावं, नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खाली मऊ रॉडचा थर आहे, वर कडक रॉडचा, आणि दर वेळी जुन्यावर नवा भरलाय. जाडी करंगळीएवढी धरा. तो सगळा उतरवा, खालचं मूळ लोखंड दिसेपर्यंत. मी शाफ्ट आधी तापवून घेतो आणि सावकाश निववतो, म्हणून माझ्याकडे काही होत नाही. तुमच्या थंड शाफ्टवर, माझ्या कडक थरावर पावडर चढवलीत तर तडे जातील. अर्थात एवढं उतरवल्यावर मसुराच्या दाण्यादाण्याने ते परत भरायला तुम्हाला किती वेळ लागेल, देव जाणे. तोवर मिलवाल्यांची नातवंडं कामाला लागतील. तेव्हा झेपत नसेल तर शाफ्ट इकडे पाठवून द्या. मोठ्यांकडे परत यायला लाजायचं कशाला?

तुमचे,
दादा

*

२९ जानेवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. सल्लाही पोचला, आणि सल्ल्यामागचा हेतूही.

तुमच्या मेहुणीने पत्र वाचून विचारलं, “यात मदत कुठे आहे आणि टोमणा कुठे आहे, ते मला रंगवून दाखवाल का?” मी म्हटलं, सगळा टोमणाच आहे. एवढा जाड थर उतरवायचा आणि सगळा पावडरने भरायचा, म्हणजे काम लांबणार, खर्च वाढणार, आणि मिलवाले कंटाळून शाफ्ट तुमच्या दाराशी आणून टाकणार. मलाही एवढं कळतं हो.

सासरेबुवांनी पिन हातात धरली याचं तुम्हाला इतकं लागलं? तुम्ही जेवायला आलात की त्यांच्या शेजारचं ताट तुमचं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या ताटावर मी एकदाही बसलो नाही. मला ते काय म्हणतात ठाऊक आहे ना? ‘बटणराव.’ “थोरल्याच्या हातात कला आहे, आमचे बटणराव बटण दाबतात!” त्यावर सगळे हसतात, तुम्हीही हसता. हसताना मान खाली घालता, एवढाच तुमचा मोठेपणा.

असो. आम्ही वरचा झिजलेला भाग साफ करून काम सुरू केलं आहे. खालचं लोखंड चांगलं घट्ट आहे, उगाच खणत बसायचं कारण दिसलं नाही. थर सुरेख बसतो आहे, वळणाला वळण चिकटून. मध्येच डायल लावून पाहिला. सुई जागची हलत नाही.

तुमचा,
बटणराव

*

११ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

आशीर्वाद.

सुई हलत नाही हे वाचलं. आनंद आहे.

इकडे मिलची गाडी आली होती. मला वाटलं काम आलं. त्यांना फक्त रस्ता विचारायचा होता, तुमच्या कारखान्याचा. मी सांगितला. चौकातून डावीकडे, मग तुमच्या गावापर्यंत सरळ. पुन्हा हाक मारून सांगितलं की पुलाजवळ चुकाल, तिथे नीट विचारा. एवढं चांगलं वागल्यावर मला दिवसभर जेवण गेलं नाही.

तुम्ही वरवर साफ करून काम सुरू केलंत. मला जे सांगायचं होतं ते मी एकदा सांगितलं आहे. पुन्हा सांगून तुमच्याकडून पुन्हा हेतू ऐकून घेण्याची मला हौस नाही.

सकाळी देवापुढे बसतो. हल्ली मन लागत नाही. डोळे मिटले की वळणाला वळण चिकटून बसलेला थर दिसतो. मी तो पाहिलेलाही नाही.

तुमची मेहुणी, म्हणजे माझी बायको, म्हणते की सासरेबुवांशेजारचं ताट तुम्हाला द्या, मी आनंदाने वाढीन. तिला सांगितलं, ताट देईन. शाफ्ट द्यायचा नव्हता.

दादा

*

२ मार्च

दादा,

नमस्कार. मायना लिहायला हात होत नाही.

शाफ्टला तडे गेले.

काम पुरं करून यंत्र बंद केलं, तेव्हा सगळं छान होतं. आम्ही हात धुवायला गेलो आणि मागून ‘टिक्’ असा आवाज आला. काचेच्या पेल्यात उकळतं पाणी ओतल्यावर येतो तसा. मग अजून एक. मी ओल्या हातांनीच परत धावलो. तडे दिसावेत म्हणून लाल रंग लावून पुसला, वरून पांढरा फवारा मारला, आणि त्या पांढऱ्यावर एकेक करून लाल रेघा उमटायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतात तशा.

मी तुमचं जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. सगळं त्यात होतं. किती उतरवायचं, का उतरवायचं, नाही उतरवलं तर काय होईल. दादा, तुम्ही खरं सांगितलंत, पण चिमटा काढत सांगितलंत, आणि मी चिमटाच तेवढा घेतला. चूक माझी आहे. तरी एकदा मनात येतं की फक्त दोन ओळी लिहिल्या असत्या, ‘उतरव बाबा, नाहीतर फुटेल,’ तर मी उतरवला असता.

पुढचं ऐका. शाफ्ट लेथवर चढवून आम्ही सगळा थर कापून उतरवायला घेतला आहे. एका बाजूला मूळ लोखंड लागल्यासारखं वाटतं, दुसऱ्या बाजूला नाही. तुमचा थर सगळीकडे सारखा नाही. अजून उतरवायचं की थांबायचं, कोणाला कळत नाही. जास्त गेलो तर शाफ्ट बारीक होऊन भंगारात जाईल, कमी गेलो तर पुन्हा तडे. मिल तोवर दुसऱ्या एका जुन्या शाफ्टवर कशीबशी चालू आहे. आमचे साहेब स्पष्ट म्हणाले, “हा शाफ्ट गेला तर यंत्र दुसऱ्याच्या हाती देईन. तुम्हाला बसवून ठेवण्याइतकी माझी ऐपत नाही.”

मला नेहमी वाटायचं, तुमच्यासारखं काम माझ्या हाताला का येत नाही. ज्यांना येतं त्यांच्या हाताला सासरे मान देतात, गिऱ्हाईक दार शोधत येतं. म्हणून मी यंत्र शिकलो. कुठेतरी तरी तुमच्या पुढे असावं म्हणून. हे तुम्हाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

तुम्ही याल का?

धाकटा

*

७ मार्च

प्रिय साडूभाऊ,

शनिवारच्या गाडीने निघतो. लेथ मी आल्याशिवाय चालवू नका. शाफ्ट खाली उतरवू नका, आहे तसा राहू द्या. माझा डायल मी घेऊन येतो.

जेवणाचं काही करू नका असं मेहुणीला सांगा. तरी ती करेलच.

दादा

*

२८ मार्च

प्रिय साडूभाऊ,

आशीर्वाद. सुखरूप पोचलो. डबा गाडीतच संपला, मेहुणीला सांगा.

तुमच्याकडे असताना बोललो नाही ते इथे बसून लिहितो. दोघी बहिणींचं बरोबर आहे, मला लिहितानाच बोलता येतं.

लेथवर उभा राहिलो तेव्हा मला बरं वाटलं. माझाच थर होता. कापणारं टूल कडक थरातून जाताना किरकिरतं, मऊ थरात गप्प होतं, आणि मूळ लोखंड लागलं की पुन्हा वेगळा सूर धरतं. तुम्ही विचारलंत, “दादा, कसं कळतं?” मी म्हटलं, “कळतं.” हे काही उत्तर नव्हतं. सांगता आलं असतं. सांगावंसं वाटलं नाही.

मग तुम्ही यंत्र सुरू केलंत. काळ्या काचेतून मी पाहिलं. मला वाटलं होतं किरण दिसेल, एखादी लाल रेघ वगैरे. तुम्ही म्हणालात, किरण डोळ्यांना दिसतच नाही, दिसतो तो वितळलेल्या लोखंडाचा उजेड. नळीतून पावडर धुरासारखी येत होती आणि त्या उजेडात नाहीशी होत होती. शाफ्ट फिरत होता. आवाज फक्त वाऱ्याचा. ना ठिणगी, ना धूर, ना रॉड बदलायला थांबणं. मी जन्मभर ज्या कामात चेहरा भाजून घेतला ते काम एका पेटीत, कोणाचाही घाम न गळता होत होतं, आणि वाईट हे की सुंदर होत होतं.

थर पुरा झाल्यावर तुम्ही तडे पाहायचा लाल रंग आणि पांढरा फवारा आणायला गेलात. तेवढ्यात मी माझा डायल लावला. शाफ्टवर हात ठेवला आणि फिरवायच्या आधी डोळे मिटले. आता जे लिहितो ते मेहुणीला वाचून दाखवू नका. मी मनात म्हणालो, देवा, थोडी तरी हलू दे.

सुई हलली नाही.

तुम्ही परत आलात आणि विचारलंत, “काय म्हणतोय डायल?” मी म्हणालो, “बरा आहे.” मग रंग लावला, फवारा मारला, आणि पांढरं पांढरंच राहिलं. तुम्ही माझा हात धरलात. तुमचे डोळे भरले होते. माझा हात तुमच्या हातात होता आणि मला तो काढून घ्यावासा वाटत होता.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं की शाफ्ट वाकला असता तर तुमचं काम गेलं असतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मागितलं. तेव्हापासून सकाळी देवापुढे बसतो, पण काही मागत नाही. माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा राहिला नाही.

दादा

*

१२ एप्रिल

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र कोणाला दाखवलं नाही. तुमच्या मेहुणीला म्हटलं, दादा प्रवासाचं लिहितात. ती म्हणाली, “दोन पानं प्रवास?”

तुम्ही मनातलं लिहिलंत, मीही लिहितो. तुम्ही लेथवर कान लावून “आता थांबा” म्हणालात आणि आम्ही घासून पाहिलं तर अगदी तिथेच मूळ लोखंड होतं. सगळा कारखाना काम सोडून बघत होता. माझं यंत्र आलं त्या दिवशीही कोणी असं उभं राहिलं नव्हतं. आता रोज कोणी ना कोणी विचारतं, “तुमचे साडू परत कधी येणार?” मी नोकरी वाचली म्हणून खूश असायला हवं. आहेही. पण हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं.

आता कामाचं. शाफ्ट मिलमध्ये बसला, चालू आहे. त्यांच्या साहेबांनी बाकीचे सगळे शाफ्टही लेझरनेच भरायचे ठरवलं आहे. ते सगळे तुम्हीच भरलेले. आमच्या साहेबांनी विचारायला सांगितलं आहे की शाफ्ट आधी तुमच्याकडे पाठवले तर तुम्ही जुना थर उतरवून द्याल का. मूळ लोखंड कुठे आहे ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार नाही. कामाचे पैसे ते नीट देतील.

हे विचारताना मला लाज वाटते. तुमच्याच हातचं काम तुम्हीच काढून टाकायचं आणि मी त्यावर माझं चढवायचं. नाही म्हणालात तर मी समजेन. साहेबांना सांगेन की दादांना वेळ नाही.

तुमचा,
धाकटा साडू

*

३ मे

प्रिय साडूभाऊ,

आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मी आठ-दहा दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होतो. ही म्हणाली, “नाही म्हणायचं असेल तर म्हणा ना, घरात कशाला फणफणता?” मी नाही म्हणायला बसलो होतो. कागदही काढला होता. मग मिलची गाडी आली आणि शाफ्ट दारात उतरवून गेली. तुमच्या साहेबांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. आता लोखंड दारात आल्यावर ते उन्हात टाकून ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

काल तो लेथवर चढवला. वरचा काळा पापुद्रा निघाला आणि खाली माझं वेल्डिंग चकाकायला लागलं. मी सावकाश कापत गेलो. प्रत्येक वेळी लेथ थांबवून भिंगातून पाहिलं, कुठे छिद्र आहे का, स्लॅगचा, म्हणजे वेल्डिंगच्या मळीचा, कण अडकलाय का. भरताना हे कधी दिसत नाही. एक थर दुसऱ्याखाली झाकला जातो, वरून आपण घासून चकाकी देतो, आणि आत काय राहिलं ते आपल्याला कळत नाही. इतकी वर्षं मी शाफ्ट देताना गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचो, आत एकजीव आहे म्हणून. पण ते नुसतं सांगणं होतं. पाहिलं कुठे होतं?

काल पाहिलं. वरच्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत एक छिद्र नाही. टाचणीच्या टोकाएवढंही नाही. मी बघत गेलो आणि कापत गेलो, आणि बघून होईपर्यंत ते उरलं नव्हतं. सगळा चुरा होऊन लेथखाली पडला.

घरात सांगितलं. ही म्हणाली, “बरं झालं.” सासरेबुवा म्हणाले, “एवढं चांगलं होतं तर काढलंत कशाला?” दोघांचंही बरोबर आहे. मिलच्या साहेबांना सांगून उपयोग नाही. हे ऐकून ज्याच्या पोटात काहीतरी हलेल असा माणूस मला एकच माहीत आहे, आणि त्याचं नाव ऐकलं तरी माझा जळफळाट होतो. म्हणून हे पत्र.

मूळ लोखंड लागलं तिथे थांबलो आहे. उद्या शाफ्ट पाठवतो. बाकीचेही येऊ द्या, मी उतरवून देईन.

त्यावर तुमचा थर असाच यायला हवा, एका छिद्राशिवाय. चुकलात तर मला फार आनंद होईल. तेवढा आनंद मला होऊ देऊ नका.

दादा